औषध बदलण्याआधी डोळ्यांचा पडदा: सीमाभागातील मधुमेही रुग्णांसाठी मार्गदर्शन

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या पट्ट्यातील मधुमेही माणसाची दवाखान्याची पिशवी उघडून पाहिली, तर तिच्यात शुगर आणि बीपीचे आकडे महिन्या-महिन्याचे सापडतात. डोळ्याच्या पडद्याचा अहवाल मात्र एक तर नसतोच, नाही तर तो घरी कपाटात दुसऱ्याच फायलीत पडलेला असतो. याला आपला भूगोलही कारणीभूत आहे. निपाणीकडचा माणूस डोळ्यांसाठी कोल्हापूर गाठतो, अथणी-कागवाडकडचा मिरजेला जातो, खानापूरच्या जंगलपट्ट्यातला बेळगावला येतो, आणि शुगरची गोळी मात्र गावातल्या किंवा तालुक्याच्या दवाखान्यातून चालू असते. त्यामुळे गोळी लिहिणाऱ्या डॉक्टरांना पडद्याची स्थिती ठाऊक नसते आणि पडदा पाहणाऱ्या डॉक्टरांना गोळी ठाऊक नसते. औषधांची निवड आणि डोळ्यांचा धोका यांचा संबंध नेमका या दोघांच्या मधल्या जागेत येतो, म्हणून तो जोडून देण्याचे काम रुग्णाला आणि त्याच्या घरच्यांनाच करावे लागते. ते कसे करावे, एवढ्यापुरताच हा लेख आहे. कोणती गोळी घ्यावी हे आपल्या डॉक्टरांनीच ठरवायचे आहे. पण ते ठरवताना त्यांच्यासमोर कोणती माहिती असायला हवी आणि त्यांना काय विचारायला हवे, हे आपल्या हातात आहे.

माझे थोरले मामा खानापूर तालुक्यातले. बारा वर्षांची शुगर, आणि तीन महिन्यांची सरासरी, म्हणजे एचबीए१सी, बाराच्या घरात. एका दवाखान्यात इन्शुलिन सुरू झाले, चार महिन्यांत ती सरासरी सातवर आली, घरात सर्वांना हायसे वाटले, आणि त्यानंतर दीडएक महिन्यात त्यांच्या उजव्या डोळ्यासमोर काळी जाळी उतरली. पडद्यावर आधीपासून नव्या, नाजूक रक्तवाहिन्या फुटलेल्या होत्या, हे आम्हाला तेव्हा कळले. इन्शुलिन देण्यात काहीही चूक नव्हती, ते द्यावेच लागणार होते. त्याआधी पडदा पाहायचा राहून गेला ही चूक होती, आणि तिच्यात आम्हा घरच्यांचाही वाटा होता. कारण ‘डोळे तपासलेत का?’ या प्रश्नाला आम्ही चष्म्याच्या दुकानात काढलेल्या नंबराच्या भरवशावर ‘हो’ असे उत्तर दिले होते.

नंबर काढणे म्हणजे पडदा तपासणे नव्हे

चष्म्याच्या दुकानात किंवा शिबिरात अक्षरांचा तक्ता वाचून घेतात, तेव्हा नजर किती आहे हे कळते. पडदा कसा आहे हे कळत नाही. मधुमेहात डोळ्याच्या मागच्या पडद्यावरील (दृष्टिपटलावरील) केसाएवढ्या बारीक रक्तवाहिन्या कमकुवत होतात, त्यांना बारीक फुगे येतात, त्यांतून रक्त आणि चरबीयुक्त पाणी झिरपते, काही वाहिन्या बंद पडतात, आणि उपाशी राहिलेला पडदा नव्या वाहिन्या फुटाव्यात म्हणून रासायनिक हाक देत राहतो. त्या हाकेने उगवलेल्या वाहिन्या ठिसूळ असतात. त्या फुटल्या की डोळ्यात रक्त पसरते आणि त्यांच्यासोबत येणारी पापुद्र्यासारखी ऊती आवळली की पडदा ओढला जाऊन सुटतो. हे सर्व वर्षानुवर्षे चालू असताना तक्त्यावरची शेवटची ओळ रुग्ण बिनचूक वाचत असतो. पडद्याच्या मध्यभागी, जिथून आपण बारीक अक्षर वाचतो तिथे, पाणी साचले किंवा रक्तस्राव झाला तरच नजर उतरते. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी पाहणीत चाळिशीपुढील मधुमेहींपैकी १२.५ टक्के लोकांच्या पडद्यावर असे बदल आढळले आणि ४ टक्के लोकांची दृष्टी त्यामुळे धोक्यात आलेली होती.

म्हणून दवाखान्यात गेल्यावर ‘डोळे तपासायचे आहेत’ असे न सांगता ‘शुगर आहे, थेंब घालून पडदा तपासायचा आहे’ असे स्पष्ट सांगावे. थेंब घातल्यावर बाहुली मोठी होण्यास अर्धा-पाऊण तास लागतो, आणि पुढचे चार-सहा तास जवळचे अंधूक दिसते व उन्हाचा त्रास होतो. त्या दिवशी स्वतः मोटारसायकल चालवत जाऊ नये. सोबत कोणाला तरी न्यावे, गॉगल किंवा निदान छत्री घ्यावी, आणि परतीची बस अंधाराआधीची निवडावी. उपाशीपोटी जाण्याची गरज नसते. उलट गोळी घेऊन उपाशी बसलेला माणूस रांगेत शुगर उतरून कोसळल्याचे मी पाहिले आहे, म्हणून डबा जवळ असू द्यावा. काही ठिकाणी थेंबाऐवजी कॅमेऱ्याने पडद्याचा फोटो काढतात. तोही चांगला असतो, मात्र मोतीबिंदू असेल तर फोटो धूसर येतो आणि मग थेंब घालूनच पाहावे लागते. काचबिंदूचा त्रास पूर्वी झाला असेल तर थेंब घालण्याआधी ते सांगावे.

टाइप २ मधुमेहात ही तपासणी निदान झाले त्याच वेळी करायची असते, कारण आजार कळतो तेव्हा तो अनेकदा काही वर्षे जुना झालेला असतो. टाइप १ मध्ये, म्हणजे जिथे पहिल्यापासून इन्शुलिन लागते तिथे, निदानानंतर पाच वर्षांच्या आत पहिली तपासणी पुरते. मधुमेह असलेल्या स्त्रीला दिवस राहिले तर पहिल्या तीन महिन्यांतच पडदा पाहावा, शक्यतो गर्भधारणेचा विचार सुरू झाला तेव्हाच पाहावा, कारण गरोदरपणात पडद्याचा आजार वेगाने वाढू शकतो. केवळ गरोदरपणातच शुगर आढळली असेल तर हा धोका सहसा लागू होत नाही.

अहवालातले शब्द आणि पुढची तारीख

आपल्याकडे अहवाल बहुधा इंग्रजीत असतो, सरकारी दवाखान्यातील सूचना कन्नडमध्ये असतात, आणि घरी वाचणारे मराठी असतात. कन्नड फलकावर ‘सक्करे कायिले’ म्हणजे मधुमेह आणि ‘अक्षिपटल’ म्हणजे डोळ्याचा पडदा, एवढे शब्द लक्षात ठेवले तरी योग्य खिडकीपर्यंत पोहोचता येते. इंग्रजी अहवालात ‘एन.पी.डी.आर.’ असे लिहिले असेल तर पडद्यावर बदल आहेत पण नव्या वाहिन्या फुटलेल्या नाहीत. त्याच्यापुढे ‘माइल्ड’, ‘मॉडरेट’ किंवा ‘सिव्हिअर’ हा शब्द असतो आणि तोच सर्वांत महत्त्वाचा असतो. ‘पी.डी.आर.’ म्हणजे नव्या वाहिन्या फुटल्या आहेत. ‘डी.एम.ई.’ म्हणजे पडद्याच्या मध्यभागी सूज आहे. ती वरीलपैकी कोणत्याही टप्प्यावर येऊ शकते. हे शब्द दोन्ही डोळ्यांसाठी वेगवेगळे लिहून घ्यावेत, कारण एक डोळा दुसऱ्याच्या बराच पुढे गेलेला असू शकतो.

पडदा स्वच्छ असेल तर पुढची तपासणी वर्षाने. माइल्ड असेल तर सहा महिने ते वर्षाने, मॉडरेट असेल तर तीन ते सहा महिन्यांनी, आणि सिव्हिअर असेल तर तीन महिन्यांच्या आत जावे लागते; पी.डी.आर. किंवा मध्यभागाची सूज असेल तर तारीख डोळ्यांचे डॉक्टर देतात व ती बहुधा महिन्याभराची असते. निघण्यापूर्वी पुढची तारीख कागदावर लिहून घ्यावी. ‘त्रास झाला तर या’ हे उत्तर या आजारात स्वीकारू नये, कारण त्रास शेवटी होतो.

शुगर झपाट्याने उतरते तेव्हा

आता या लेखातील मुख्य गोष्ट. शुगर ताब्यात ठेवल्याने डोळे वाचतात, याविषयी शंका नाही. अमेरिका-कॅनडातील टाइप १ रुग्णांवर १९८३ ते १९९३ या काळात झालेल्या डीसीसीटी या अभ्यासात काटेकोर उपचार घेणाऱ्या, आधी पडदा स्वच्छ असलेल्या रुग्णांत पडद्याचा आजार सुरू होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी कमी झाला. ब्रिटनमधील टाइप २ रुग्णांवरील यूकेपीडीएस या अभ्यासात, ज्याचे निष्कर्ष १९९८ साली आले, एचबीए१सी सरासरी ७.९ ऐवजी ७.० राखल्याने डोळे-मूत्रपिंडांच्या बारीक वाहिन्यांचे आजार २५ टक्क्यांनी घटले.

पण त्याच डीसीसीटी अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली होती, जी आपल्याकडे क्वचितच सांगितली जाते. पहिल्या वर्षभरात काटेकोर उपचारांच्या गटात १३.१ टक्के रुग्णांचा पडदा सुरुवातीला बिघडला, तर साध्या उपचारांच्या गटात हे प्रमाण ७.६ टक्के होते. पुढे हेच लोक दुसऱ्या गटाच्या कितीतरी पुढे निघून गेले, आणि शेवटचा हिशेब काटेकोर उपचारांच्याच बाजूने झाला. परंतु सुरुवातीचा खड्डा खरा होता. फार काळ वाढलेली शुगर दोन-तीन अंकांनी थोड्या महिन्यांत खाली आली, आणि पडद्यावर आधीच मध्यम किंवा तीव्र बदल असले, तर हा खड्डा खोल असू शकतो. औषध कोणते, यापेक्षा उतार किती तीव्र आणि पडदा आधी कसा होता, या दोन प्रश्नांवर तो अधिक अवलंबून असतो. म्हणूनच तो इन्शुलिनने दिसतो, शुगरच्या नव्या इंजेक्शनांनी दिसतो, आणि वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेनंतरही दिसतो.

याचा अर्थ शुगर उतरू द्यायची नाही असा मुळीच नाही. बारा एचबीए१सी घेऊन वर्षभर ‘हळूहळू’ थांबणाऱ्याचे डोळे, पाय आणि मूत्रपिंड तिन्ही जातात. करायचे ते एवढेच: इन्शुलिन किंवा जोरदार औषध सुरू होण्याआधी, किंवा घाई असेल तर सुरू होताच पुढच्या काही दिवसांत, पडदा पाहून घ्यावा, बदल सिव्हिअर किंवा त्यापुढचे असतील तर आधी किंवा सोबतच लेझर अथवा डोळ्यातील इंजेक्शनची गरज आहे का हे डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारावे, आणि शुगर उतरत असताना पहिल्या वर्षी पडदा दर तीन महिन्यांनी दाखवावा. पडदा स्वच्छ असेल तर या घाईची काळजी करण्याचे कारण नाही. शुगरच्या डॉक्टरांना विचारण्याचा प्रश्न असा असावा: ‘माझ्या पडद्याचा अहवाल असा असा आहे, शुगर किती वेगाने उतरवायची असे आपले मत आहे?’ बहुतेक डॉक्टर या प्रश्नाने नाराज होत नाहीत, उलट गोळीच्या चिठ्ठीवर अहवालाची नोंद करून ठेवतात.

शुगर झपाट्याने वर-खाली होत असताना नजर धूसर होते ती मात्र वेगळी. साखरेच्या चढ-उताराने डोळ्यातील भिंगात पाणी शिरते, चष्म्याचा नंबर बदलतो, आणि काही आठवड्यांत तो आपोआप स्थिरावतो. या काळात नवा चष्मा करू नये. चार-सहा आठवडे शुगर स्थिर राहू द्यावी. इन्शुलिन सुरू झाल्यावर ‘इन्शुलिनने डोळे गेले’ म्हणून ते बंद करणारे लोक माझ्या माहितीत आहेत, आणि त्यांतल्या काहींचे डोळे नुसते धूसर झाले होते.

औषधांकडे डोळ्याच्या बाजूने पाहताना

मेटफॉर्मिन ही बहुतेकांची पहिली गोळी असते, ती स्वस्त आहे, आणि डोळ्यांच्या दृष्टीने तिच्यात चिंतेचे कारण नाही. अनेक वर्षे घेतली असेल तर बी१२ तपासून घ्यावे, एवढेच. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड या गोळ्या सरकारी दवाखान्यांत आणि जनऔषधी केंद्रांत सहज मिळतात. त्यांचा धोका डोळ्यापेक्षा शुगर एकदम उतरण्याचा आहे, आणि तो एकादशीच्या उपासाला, लावणी-कापणीच्या दिवसांत किंवा सौंदत्तीच्या यात्रेत पायी चालताना अधिक असतो. उपास करायचाच असेल तर त्या दिवसाच्या मात्रेविषयी आधी विचारून घ्यावे. सिटाग्लिप्टिन, विल्डाग्लिप्टिन, टेनेलिग्लिप्टिन या गोळ्यांनी शुगर बेताने उतरते, आणि पडद्याच्या बाबतीत त्यांचा लक्षात घेण्याजोगा फायदा किंवा तोटा सिद्ध झालेला नाही.

डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या लघवीवाटे साखर बाहेर टाकतात. हृदय आणि मूत्रपिंड यांना त्यांचा होणारा फायदा पक्का सिद्ध आहे. पडद्याच्या आजाराबाबत काही निरीक्षणात्मक अभ्यासांतून आशादायक संकेत आले आहेत, पण केवळ डोळ्यासाठी त्या घ्याव्यात असे म्हणण्याइतका पुरावा नाही. लघवीत प्रथिने जात असणाऱ्या रुग्णाचा पडदाही सहसा बिघडलेला असतो, आणि अशा रुग्णासाठी या गोळीचा विचार डॉक्टरांनी करावा असे सुचवणे रास्त आहे. जननेंद्रियाला खाज किंवा बुरशीचा संसर्ग होऊ शकतो, आणि उलट्या-जुलाब लागले किंवा शस्त्रक्रिया ठरली तर ती गोळी काही दिवस थांबवावी लागते, हे लक्षात असावे.

पायोग्लिटाझोन या गोळीबद्दल मात्र थोडे थांबून बोलले पाहिजे. ती स्वस्त आहे, परिणामकारक आहे, आणि आपल्याकडे एकाच गोळीत तीन-तीन औषधे असलेल्या पाकिटांत ती न सांगता आलेली असते. मूत्राशयाच्या कर्करोगाच्या शंकेवरून भारतात जून २०१३ मध्ये तिच्यावर बंदी आली आणि जुलैअखेर इशाऱ्यासह ती उठली. या औषधाने शरीरात पाणी साचते; पाय सुजतात, आणि काही रुग्णांत पडद्याच्या मध्यभागाची सूज वाढू शकते. म्हणून ज्यांच्या अहवालात ‘डी.एम.ई.’ आहे त्यांनी आपल्या गोळीच्या पाकिटावर हे नाव आहे का ते औषध दुकानदाराला वाचून दाखवायला सांगावे आणि असल्यास डॉक्टरांच्या कानावर घालावे. पाय सुजलेले असताना हृदयाची तपासणीही राहू नये.

सेमाग्लुटाइडसारखी शुगरची नवी इंजेक्शने आता बेळगाव शहरातही चर्चेत आहेत, विशेषतः वजन उतरते म्हणून. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या सस्टेन-६ या अभ्यासात दोन वर्षांत सेमाग्लुटाइड घेणाऱ्यांपैकी ३.० टक्के रुग्णांना पडद्याच्या गंभीर तक्रारी झाल्या, तर न घेणाऱ्यांत हे प्रमाण १.८ टक्के होते. नंतर त्या आकड्यांची उकल केली तेव्हा असे दिसले की त्या तक्रारी प्रामुख्याने अशाच लोकांत होत्या ज्यांचा पडदा आधीच बिघडलेला होता, ज्यांतले अनेक जण इन्शुलिनवर होते आणि ज्यांची शुगर पहिल्या महिन्यांत झपाट्याने उतरली होती; म्हणजे मामांच्या बाबतीत घडले तेच. याशिवाय २०२५ च्या जून महिन्यात युरोपच्या औषध नियामकांनी असा निष्कर्ष काढला की सेमाग्लुटाइडने डोळ्याच्या मज्जातंतूचा रक्तपुरवठा अचानक खुंटण्याचा एक विकार अत्यंत क्वचित, फार तर दहा हजारांत एकाला, होऊ शकतो. तो पडद्याच्या आजारापेक्षा निराळा आहे. सकाळी उठल्यावर एका डोळ्याने वेदनेशिवाय एकाएकी कमी दिसू लागणे हे त्याचे लक्षण. माझे मत विचाराल तर, पडदा न पाहता केवळ वजनासाठी ओळखीच्या दुकानातून हे इंजेक्शन आणणे हा या पट्ट्यातला नवा अविचार आहे. पडदा पाहून, मात्रा हळूहळू वाढवत, डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेणाऱ्यांसाठी ते चांगले औषध आहे.

शुगरव्यतिरिक्त

यूकेपीडीएस अभ्यासातील जो भाग मला सर्वांत जास्त महत्त्वाचा वाटतो तो शुगरचा नसून रक्तदाबाचा आहे. सरासरी दाब १५४/८७ ऐवजी १४४/८२ राखलेल्या रुग्णांत पडद्याचा आजार पुढे सरकण्याचे प्रमाण ३४ टक्क्यांनी आणि नजर लक्षणीय उतरण्याचे प्रमाण ४७ टक्क्यांनी कमी झाले. दोन वेगवेगळ्या प्रकारच्या बीपीच्या गोळ्या तिथे तपासल्या गेल्या आणि दोन्हींचा परिणाम सारखाच निघाला, म्हणजे कोणत्या गोळीने, यापेक्षा दाब उतरला की नाही हे महत्त्वाचे ठरले. आज बहुतेक मधुमेहींसाठी १३०/८० च्या खाली हे लक्ष्य सांगितले जाते. बीपीची गोळी ‘आता बरे वाटते’ म्हणून सोडणारे लोक आपल्याकडे शुगरची गोळी सोडणाऱ्यांपेक्षा अधिक आहेत, असे माझे निरीक्षण आहे.

रक्तातील चरबीसाठी वापरले जाणारे फेनोफायब्रेट हे एक जुने औषध डोळ्याच्या बाबतीत उपयोगी ठरते. अ‍ॅकॉर्ड या मधुमेहींवरील अभ्यासाच्या २०१० साली आलेल्या डोळ्यांच्या भागात चार वर्षांत पडद्याचा आजार पुढे सरकण्याचे प्रमाण स्टॅटिन या कोलेस्टेरॉलच्या गोळीसोबत ते घेणाऱ्यांत ६.५ टक्के, तर केवळ स्टॅटिन घेणाऱ्यांत १०.२ टक्के होते. २०२४ साली स्कॉटलंडमधील लेन्स चाचणीतही आजार पुढे सरकण्याचे प्रमाण २७ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. ज्यांच्या पडद्यावर बदल सुरू झाले आहेत त्यांनी डॉक्टरांना याविषयी जरूर विचारावे. मूत्रपिंड फार कमजोर असेल किंवा पित्ताशयाचा आजार असेल तर ते चालत नाही, म्हणून क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडाच्या रक्ततपासणीचा) ताजा अहवाल सोबत न्यावा.

त्याच अ‍ॅकॉर्ड अभ्यासाचा दुसरा धडा असा की शुगर अतिकाटेकोरपणे उतरवणाऱ्या गटात मृत्यू अधिक झाले आणि तो भाग २००८ साली वेळेआधी थांबवावा लागला. म्हणून सत्तरीच्या, हृदयविकार असलेल्या आजोबांसाठी एचबीए१सीचा सहाच्या आतला आकडा गाठण्याचा हट्ट धरू नये. सात ते आठ हे लक्ष्य त्यांच्यासाठी सहसा अधिक शहाणपणाचे असते. रक्तातले हिमोग्लोबिन कमी असेल तर एचबीए१सी फसवे येऊ शकते, आणि रक्तक्षयाने पडद्याचा आजारही वाढतो. आपल्याकडच्या स्त्रियांच्या बाबतीत ही तपासणी हमखास राहते. तंबाखू आणि मिश्री यांबद्दल निपाणीच्या पट्ट्यात वेगळे लिहिण्याची गरज नाही, पण त्यांची नोंदही डॉक्टरांना खरी द्यावी.

लेझर की इंजेक्शन

पडद्यावर नव्या वाहिन्या फुटल्या की दोन मार्ग असतात. लेझरने पडद्याच्या कडेचा उपाशी भाग शेकून त्याची हाक बंद केली जाते. १९७० च्या दशकात अमेरिकेत झालेल्या मोठ्या चाचणीत याने तीव्र अंधत्वाचे प्रमाण निम्म्याहून अधिक घटले. बाजूची आणि रात्रीची नजर थोडी कमी होते, हा त्याचा मोबदला. दुसरा मार्ग डोळ्यात इंजेक्शनचा: बेव्हासिझुमॅब, रॅनिबिझुमॅब, अफ्लिबरसेप्ट इत्यादी. त्याने नजर अधिक चांगली राहते, पण ते महिन्या-महिन्याने घ्यावे लागते. आणि येथेच आपल्या भागाचा प्रश्न येतो. कणकुंबी-जांबोटीकडचा माणूस पावसाळ्यात, किंवा ऊसतोडीच्या हंगामात, दरमहा बेळगावला येईल का? इंजेक्शन घेणारा रुग्ण सहा-आठ महिने गायब झाला, तर लेझर झालेल्या रुग्णापेक्षा त्याच्या डोळ्याची अवस्था वाईट होते, हे पाहण्यांतून दिसले आहे. म्हणून डॉक्टरांसमोर प्रामाणिकपणे सांगावे: ‘मला दर महिन्याला येणे जमणार नाही’. लाजून ‘येतो’ म्हणण्यात आपलेच नुकसान आहे. मध्यभागाच्या सुजेसाठी मात्र इंजेक्शनच पहिले. त्यांत नजर फारशी उतरलेली नसेल तर स्वस्त बेव्हासिझुमॅब आणि महागडी औषधे यांत फरक जवळजवळ पडत नाही. नजर ६/१५ किंवा त्याहून वाईट असेल तर पहिल्या वर्षी अफ्लिबरसेप्ट सरस ठरते. हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात अलीकडेच येऊन गेला असेल तर इंजेक्शनाआधी ते सांगणे आवश्यक आहे.

मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ठरली असेल तर तिच्याआधी पडदा पाहून घ्यावा, कारण शस्त्रक्रियेनंतर पडद्याची सूज वाढू शकते. शिबिरातून थेट शस्त्रक्रियेला नेले जाते तेव्हा हा प्रश्न आपणच विचारावा.

वही, कार्ड आणि खिडकी

एक शंभर पानी वही घ्यावी. पहिल्या पानावर सर्व औषधांची रासायनिक नावे, मात्रा आणि सुरू केल्याची तारीख लिहावी. रिकामी पाकिटे सोबत ठेवावीत. पुढे दर तीन महिन्यांच्या एका पानावर एचबीए१सी, बीपी, क्रिएटिनिन, लघवीतील प्रथिने आणि हिमोग्लोबिन लिहावे. समोरच्या पानावर उजव्या आणि डाव्या डोळ्याचा अहवाल, झालेले लेझर किंवा इंजेक्शन आणि पुढची तारीख लिहावी. वही उघडली की औषध आणि पडदा एकमेकांसमोर आले पाहिजेत. तेवढ्यासाठीच ती आहे. मिरजेचा अहवाल बेळगावला आणि बेळगावची चिठ्ठी मिरजेला दाखवण्याचे काम ही वही करते.

खर्चाचे दोन रस्ते माहीत असावेत. कर्नाटकात आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक योजना आहे, जिच्यासाठी रेशनकार्ड आणि आधार लागते, आणि बहुतेक वेळा सरकारी रुग्णालयातून पुढे पाठवल्याची चिठ्ठी लागते. महाराष्ट्र शासनाने २०२३ साली महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना सीमाभागातील ८६५ गावांना लागू करण्याचा निर्णय घेतला. दोन्हींत प्रत्येक उपचार बसतोच असे नाही. म्हणून कोल्हापूर-मिरजेला निघण्याआधी त्या रुग्णालयाच्या योजना-कक्षाला फोन करून उपचाराचे नाव सांगून विचारावे. माजी सैनिकांच्या घरांत ईसीएचएस या त्यांच्या आरोग्य योजनेचे कार्ड असते, आणि आपल्या पट्ट्यात अशी घरे पुष्कळ आहेत. त्यांनी संलग्न रुग्णालयात पडदा-तज्ज्ञ आहे का एवढे पाहावे. संमतिपत्र कन्नड किंवा इंग्रजीत असेल आणि समजत नसेल, तर नर्सबाईंना मराठीत समजावून सांगायला लावूनच सही करावी.

त्याच दिवशी निघण्याची लक्षणे

डोळ्यासमोर एकाएकी काळे ठिपके, जाळी किंवा धुराचे लोट, विजेसारखी चमक, एका बाजूने खिडकीचा पडदा ओढल्यासारखी सावली, एका डोळ्याने अचानक कमी दिसणे, सरळ रेषा वाकडी दिसणे, किंवा डोळ्यातील इंजेक्शननंतर वाढत जाणारे दुखणे व लाली, यांपैकी काहीही झाले तर सकाळची वाट पाहू नये. शेवटच्या तक्रारीत तर तासांचा हिशेब असतो, कारण डोळ्याच्या आत संसर्ग झालेला असू शकतो. रक्तस्राव झाल्याची शंका असेल तर जड वजन उचलू नये आणि डोके उंचावर ठेवून झोपावे. हृदयासाठी चालू असलेली अ‍ॅस्पिरिन मात्र आपल्या मनाने बंद करू नये. मधुमेही डोळ्यांवरील मोठ्या चाचणीत अ‍ॅस्पिरिनमुळे डोळ्यातला रक्तस्राव वाढल्याचे आढळले नव्हते. आणि निघण्यापूर्वी फोन करून एकच प्रश्न विचारावा: ‘आज पडद्याचे डॉक्टर आहेत का?’ डोळ्यांच्या प्रत्येक दवाखान्यात ते रोज बसत नाहीत, आणि लोंढ्याहून किंवा अथणीहून आलेल्या माणसाला ‘गुरुवारी या’ असे सांगितले गेले, तर ज्या डोळ्यासाठी तो आला त्याला गुरुवारपर्यंतचा वेळ असेलच असे नाही.